गिअरची गाडी की ऑटोमॅटिक? आधी कोणती ऑटोमॅटिक ते ठरवा

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. लहान म्हणजे चार मीटरच्या आतली गाडी, पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेली. तेव्हापासून गाडी घेणाऱ्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो: वाचलेल्या पैशांत ऑटोमॅटिक बसेल का?

बसते. पण त्या पैशांत बसणारी ऑटोमॅटिक आणि वीस लाखांच्या एसयूव्हीतली ऑटोमॅटिक ही आतून दोन वेगळी यंत्रं आहेत. बाजारात आज अशी चार यंत्रं एकाच नावाखाली विकली जातात. 'ऑटोमॅटिक घाटात मरते', 'ऑटोमॅटिक पेट्रोल पिते', 'ऑटोमॅटिकला काही होत नाही' ही तिन्ही वाक्यं तिघा जणांनी तीन वेगळ्या गाड्यांबद्दल म्हटलेली असतात आणि आपापल्या गाडीपुरती ती बरीचशी खरीही असतात. घोळ तिथूनच सुरू होतो.

## मुळात गिअर लागतो कशाला

इंजिन शून्यापासून फिरू शकत नाही. गाडी उभी असतानाही ते मिनिटाला साधारण ७५० ते ९०० फेरे घेत असतं, त्याखाली गेलं की बंद पडतं. जोर तर त्याहून बराच वर, १५००-२००० फेऱ्यांच्या पुढे येतो. चाकाला मात्र शून्यापासून सुरुवात करावी लागते. ताशी १०० च्या वेगालाही लहान गाडीचं चाक मिनिटाला जेमतेम ९०० फेरे घेतं. या दोघांचं जमवून देणं हे गिअरबॉक्सचं काम. लहान गाडीत पहिल्या गिअरला चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिन चौदा-पंधरा फेरे घेतं, म्हणून जोर भरपूर आणि वेग कमी. पाचव्याला तेच प्रमाण तीनच्या आसपास येतं.

उभी गाडी हलवताना एक अडचण उरतेच: इंजिन फिरतंय, चाक थांबलंय, दोघांना जोडायचं कसं? तिथे क्लच येतो. इंजिनाच्या जड चकतीवर (तिला फ्लायव्हील म्हणतात) क्लच प्लेट स्प्रिंगच्या जोराने दाबलेली असते. पेडल दाबलं की प्लेट सुटते, हळूहळू सोडलं की घासत घासत पकड घेते. या घासण्यालाच आपण हाफ क्लच म्हणतो. घासण्यातून उष्णता होते आणि प्लेट झिजते. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणाऱ्याची, किंवा चढावर ब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी तोलून धरणाऱ्याची प्लेट म्हणूनच लवकर जाते. ती गेल्याची खूणही ठरलेली: ॲक्सिलरेटर दिला की इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र उचलत नाही, आणि चढावर जळका वास येतो.

चारही ऑटोमॅटिकमधला फरक बराचसा या एकाच ठिकाणी आहे. उभी गाडी हलवताना इंजिन आणि चाक यांना कोण जोडतं?

## एएमटी: गिअरबॉक्स तोच, पाय दुसऱ्याचा

लहान गाडीच्या बजेटमध्ये बहुतेकांच्या वाट्याला हीच येते, म्हणून हिच्याबद्दल जरा जास्त. भारतात ही पहिल्यांदा २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओत आली. मारुती तिला एजीएस म्हणते, रेनॉ ईझी-आर, इतर कंपन्या सरळ एएमटी. आत नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, नेहमीचीच क्लच प्लेट असते. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला तुमच्या हातापायांऐवजी छोटी यांत्रिक उपकरणं बसवलेली असतात आणि त्यांना हुकूम देणारा एक कॉम्प्युटर. म्हणूनच ती स्वस्त: मॅन्युअलपेक्षा साधारण ४५ ते ६० हजारांनी जास्त.

गिअर बदलताना हीसुद्धा क्लच सोडवते, गिअर बदलते, पुन्हा क्लच जोडते. तेवढा वेळ चाकाला जोर मिळत नाही. मॅन्युअलमध्येही मिळत नाही, पण तिथे आपण स्वतःच ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, त्यामुळे जाणवत नाही. एएमटीत पाय दाबलेलाच असतो आणि गाडी मध्येच ओढ सोडते. मान पुढे जाऊन मागे येते ती यामुळे. उपाय फुकट आहे. वेग वाढवताना गाडी आता गिअर बदलणार असं वाटलं की ॲक्सिलरेटर क्षणभर हलका करायचा. दोन-तीन दिवसांत पायाला कळतं आणि निम्मा झटका जातो. पाय गच्च दाबून ठेवणाऱ्याला मात्र एएमटी कधीच गुळगुळीत वाटणार नाही.

एएमटी सर्वांत जास्त खराब होते ती चढावर. पुढे रांग लागली आहे, गाडी मागे येऊ नये म्हणून चालक ॲक्सिलरेटर हलका दाबून तिला जागच्या जागी धरून ठेवतो. त्या वेळी आत प्लेट सतत घासत असते, आणि क्लचचं पेडलच नसल्यामुळे आपण हाफ क्लचवर आहोत हे चालकाच्या ध्यानातही येत नाही. पूल असो, घाट असो की मॉलचा रॅम्प, गाडी ब्रेकवरच धरायची. हिल होल्ड असेल तर ब्रेक सोडल्यावर ते साधारण दोन सेकंद गाडी धरतं, तेवढ्यात ॲक्सिलरेटर द्यायचा. ते नसेल तर सरळ हँडब्रेक.

दुसरी गोष्ट पार्किंगची. बहुतेक एएमटी गाड्यांत 'पी', म्हणजे उभी गाडी अडकवून ठेवणारी पार्किंगची जागा, लिव्हरवर नसतेच. सपाटीवर हँडब्रेक पुरतो. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवूनच बंद करायची. ब्रेक दाबलेला ठेवून, तोंड चढाकडे असेल तर 'डी'मध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये (काही गाड्यांत 'ए' लिहिलेलं असतं), उताराकडे असेल तर 'आर'मध्ये, म्हणजे रिव्हर्समध्ये, इंजिन बंद करायचं आणि हँडब्रेक ओढायचा. परत सुरू करताना ब्रेक दाबून न्यूट्रल.

प्लेट मॅन्युअलसारखीच झिजते, म्हणजे ती बदलण्याचा खर्चही येतोच. लहान गाडीत मजुरीसकट साधारण आठ-बारा हजार. फरक इतकाच, की प्लेट बदलल्यावर ती नेमकी कुठे पकड घेते हे स्कॅनर लावून कॉम्प्युटरला नव्याने शिकवावं लागतं. कोपऱ्यावरचा फिटर प्लेट उत्तम बसवेल, पण हे शिकवणं राहिलं तर गाडी निघताना थरथरत राहते आणि दोष नव्या प्लेटवर जातो.

## टॉर्क कन्व्हर्टर: तेलाची जोडणी

इथे क्लच प्लेट घासत नाही, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. ताकाच्या डेऱ्यात रवी घुसळताना दुसरी रवी नुसती आत सोडून धरली तर तीही हातात फिरायला लागते. दोन्हींचा स्पर्श होत नाही, मधलं ताकच ती फिरवतं. टॉर्क कन्व्हर्टरच्या बंद भांड्यात अशीच दोन पात्यांची चक्रं समोरासमोर असतात, एक इंजिनाचं आणि एक गिअरबॉक्सचं. गाडी ब्रेकवर उभी असली तर एक फिरतं आणि दुसरं थांबलेलं राहतं. इंजिन बंद पडत नाही. मधे तिसरं एक छोटं चक्र असतं, ते परतणारं तेल अशा कोनात वळवतं की निघतानाचा जोर उलट वाढतो. चढावर ही गाडी शांतपणे निघते ती या रचनेमुळे.

तेल थोडं घसरतं, म्हणजे थोडी ताकद उष्णतेत जाते. जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिक गाड्या पेट्रोल खायच्या त्या याच कारणाने. आता सहा किंवा जास्त गिअर असतात, आणि वेग आला की आतला लॉक-अप दोन्ही चक्रं एकमेकांना घट्ट जोडून टाकतो, म्हणून महामार्गावर नुकसान नगण्य. ब्रेझा, अर्टिगा, एक्सयूव्ही ७००, स्कॉर्पिओ-एन, क्रेटाची डिझेल गाडी, या सगळ्यांत हाच प्रकार आहे. मॅन्युअलपेक्षा किंमत साधारण एक ते दीड लाखाने जास्त.

हे यंत्र फारसं दुखणं काढत नाही, पण तेलावर जगतं. या तेलाला एटीएफ म्हणतात. ते किती किलोमीटरला बदलायचं हे गाडीच्या पुस्तकात बघावं. काही पुस्तकांत 'आयुष्यभर बदलायची गरज नाही' असं लिहिलेलं असतं. ज्याला गाडी दहा वर्षं ठेवायची आहे त्याने ते वाक्य फार मनावर घेऊ नये. शहरात आणि उन्हात चालणाऱ्या गाडीचं तेल ६०-८० हजार किलोमीटरच्या आसपास बदललेलं बरं.

## सीव्हीटी: तुमच्या स्कूटरमध्ये आहेच

ॲक्टिवा चालवणाऱ्या प्रत्येकाने सीव्हीटी चालवलेली आहे. पायऱ्या-पायऱ्यांचे गिअर नाहीत; दोन पुली आणि मधे पट्टा. पुलीच्या दोन बाजू जवळ-लांब होतात, पट्टा वर-खाली सरकतो आणि प्रमाण सलग बदलत जातं. स्कूटरमध्ये पट्टा रबराचा, गाडीत पोलादी कड्यांचा. होंडा सिटी, अमेझ, टर्बो मॅग्नाइट या गाड्यांत ही असते. ह्युंदाई तिला आयव्हीटी म्हणते.

झटका औषधालाही नाही. शहरात शांत चालवणाऱ्याला याहून आरामाचं यंत्र नाही. मात्र एकदम पाय दाबला की इंजिनाचे फेरे झपकन चार-पाच हजारांवर जातात आणि वेग मागून सावकाश येतो. आवाज मोठा, गाडी तिथेच, असं वाटतं. प्रत्यक्षात घड्याळ लावलं तर ती मागे नसते, पण कानाला पटत नाही. तेल याचं खास असतं. एटीएफ आणि सीव्हीटीचं तेल यांची अदलाबदल झाली तर पट्टा घसरू लागतो आणि खर्च थेट गिअरबॉक्सवर जातो. सर्व्हिसिंगच्या बिलावर कोणतं तेल घातलं ते वाचून घ्यावं.

(स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्हींवर चालणाऱ्या गाड्यांवर 'ई-सीव्हीटी' लिहिलेलं असतं. नाव सारखं, यंत्र वेगळं. त्यात पट्टा आणि पुली नसतात. इलेक्ट्रिक गाडीत तर बहुतेक वेळा एकच गिअर असतो, कारण मोटर शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण जोर देते. तिथे हा सगळा प्रश्नच मिटतो.)

## डीसीटी: जलद, पण रांगेत तापणारी

दोन क्लच: एक १, ३, ५, ७ सांभाळतो, दुसरा २, ४, ६. तुम्ही तिसऱ्यात असताना चौथा आधीच टाकून ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो त्याच वेळी दुसरा धरतो. ओढ तुटत नाही आणि बदल कळतही नाही. फोक्सवॅगन आणि स्कोडा याला डीएसजी म्हणतात, टाटा डीसीए. टर्बो पेट्रोल इंजिनासोबत महामार्गावर चालवायला याच्याइतकी मजा बाकीच्या तिघांत नाही.

अडचण अशी, की क्लच प्लेटा इथेही आहेत आणि त्या घासतातच. 'ड्राय' प्रकारात त्या फक्त हवेवर थंड होतात, 'वेट' प्रकारात तेलात बुडालेल्या असतात. वाकड ते हिंजवडीच्या रांगेत दर तीन सेकंदांना दोन फूट सरकत राहिलात, तर ड्राय प्रकाराला थंड व्हायला वेळच मिळत नाही. पॅनेलवर ट्रान्समिशन गरम झाल्याचा इशारा येतो. तो आला तर कडेला घ्या, 'पी'मध्ये टाका, इंजिन चालू ठेवून थांबा. इशारा येऊच नये म्हणून करायचं इतकंच: पुढच्या गाडीला चिकटून सरकत राहायचं नाही. पुढे दोन गाड्यांइतकी जागा मोकळी होऊ द्यायची, मग क्लच पूर्ण धरेल अशी गाडी हलवायची आणि पुन्हा पूर्ण थांबायचं. त्या जागेत रिक्षा घुसणार हे उघड आहे. घुसू द्या, वॉरंटी संपल्यावर डीसीटीचं काम निघालं तर खर्च लाखाच्या पुढे जाऊ शकतो.

रोजचा प्रवास बंपर-टू-बंपर असेल तर ड्राय डीसीटी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वेट असेल तर विचार करता येतो.

मधेच एक पाचवा प्रकारही आहे, आयएमटी. गिअर हाताने टाकायचा, पण क्लचचं पेडल नाही. ज्याला फक्त डाव्या गुडघ्याचा त्रास वाचवायचा आहे त्याच्या उपयोगाचा, पण एएमटी मिळत असताना हा अर्धवट मार्ग का निवडावा हे समजत नाही.

## 'पण ॲव्हरेज कमी मिळतं ना?'

एएमटीत कमी मिळत नाही. २०२४ च्या स्विफ्टचे प्रमाणित आकडे मॅन्युअलला लिटरमागे २४.८० किलोमीटर आणि एएमटीला २५.७५ असे आहेत. गिअरबॉक्स तोच, आणि कॉम्प्युटर माणसापेक्षा लवकर वरचा गिअर टाकतो. असे प्रमाणित आकडे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत गाडी रोलरवर चढवून, ठरलेल्या वेगांच्या तक्त्यानुसार काढतात. रस्त्यावर दोन्ही कमीच देतात.  सीव्हीटीही मॅन्युअलच्या आसपासच असते. टॉर्क कन्व्हर्टर शहराच्या रांगेत लिटरमागे एखाद-दुसरा किलोमीटर कमी देतो, ते मान्य करूनच घ्यावा.

सीएनजीवाल्यांनाही आता पर्याय आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये टियागो आणि टिगोर या गाड्या सीएनजी अधिक एएमटी अशा जोडीने आल्या, भारतात अशा पहिल्याच.

## 'घाटात चालेल का?'

चढायला सगळ्याच चढतात. प्रश्न कशा चढतात हा आहे. पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू आणि समोर आंबोली, अशा वेळी लहान इंजिनाची एएमटी दुसरा की तिसरा यात अडकते. तिसरा टाकते, जोर कमी पडतो, परत दुसरा. प्रत्येक बदलात ओढ तुटते. तिला 'डी'वर सोडूच नये. 'एम'मध्ये (तिथे गिअर आपण स्वतः निवडतो) घेऊन दुसरा धरून ठेवावा, वळण सरळ झालं की तिसरा. टॉर्क कन्व्हर्टरला ही कटकट कमी.

खरी काळजी उताराची. मॅन्युअलमध्ये आपण दुसऱ्या-तिसऱ्यात गाडी इंजिनावर उतरवतो. ऑटोमॅटिक नुसती 'डी'मध्ये ठेवली तर ॲक्सिलरेटर सुटल्याबरोबर तिला वाटतं काम संपलं, आणि अनेक गाड्या वरचा गिअर टाकतात. इंजिनाचा आधार जातो, सगळा भार ब्रेकवर येतो. कुंभार्ली पूर्ण उतरेपर्यंत ब्रेक दाबून ठेवले तर पॅड तापतात, वास येतो, आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. म्हणून उतार सुरू होण्याआधीच 'एम' करून दुसरा किंवा तिसरा धरावा. स्टिअरिंगमागे बोटांनी गिअर बदलायचे पॅडल असतील तर त्यांनी, सीव्हीटी असेल तर 'एल', 'एस' किंवा 'बी' जे असेल ते. ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा ट्रकवाल्यांचा नियम इथेही जसाच्या तसा लागू.

न्यूट्रलवर सोडून पेट्रोल वाचतं हा समज अजून गेलेला नाही. आताच्या इंजिनांत गिअरमध्ये असताना पाय काढला की इंधन पूर्ण बंद होतं. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःला चालू ठेवायला इंधन घेतंच. म्हणजे न्यूट्रलमध्ये पेट्रोलही जास्त जातं आणि इंजिनाचा ब्रेकही मिळत नाही.

ओव्हरटेकचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे जीव जाऊ शकतो. दुपदरी रस्त्यावर एसटीच्या मागून बाहेर निघायचं आणि मग पाय दाबायचा, ही मॅन्युअलची सवय एएमटीत चालत नाही. पाय दाबल्यावर ती आधी क्लच सोडवते, मग खालचा गिअर टाकते, मग जोर देते. तो सेकंदभराचा उशीर तुम्ही समोरच्या लेनमध्ये असताना होतो. बाहेर निघण्याआधीच, एसटीच्या मागे असतानाच, 'एम'मध्ये एक गिअर खाली घ्या. जोर आला की मग बाहेर.

## 'रस्त्यात बंद पडली तर?'

बॅटरी उतरली तर मॅन्युअल गाडी धक्का मारून चालू होते. ऑटोमॅटिक होत नाही, एएमटीसुद्धा नाही, कारण क्लच आणि गिअर हलवायलाच वीज लागते. डिकीत जम्पर केबल ठेवा.

टोचनचंही तसंच. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी गाडीच्या गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून गाडी दोराने ओढली तर चाकं गिअरबॉक्स फिरवतात आणि आत तेल पोहोचत नाही. दहा-वीस किलोमीटर अशी ओढत नेलेली गाडी साध्या बिघाडासाठी गॅरेजला जाते आणि गिअरबॉक्सचं बिल घेऊन येते. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर पुढची चाकं उचलून, किंवा पूर्ण गाडी फ्लॅटबेडवर घालून न्यायची. फोर-बाय-फोर असेल तर फ्लॅटबेडच.

तालुक्यापासून लांब राहणाऱ्यांसाठी हाच मुद्दा निर्णायक ठरतो. मॅन्युअल गिअरबॉक्स उघडून बसवणारा माणूस जवळपास कुठेही सापडतो. स्कॅनर असलेला अधिकृत सर्व्हिस सेंटर ऐंशी किलोमीटरवर असेल आणि गाडी महिन्याला चार-पाचशे किलोमीटरच फिरणार असेल, तर ऑटोमॅटिकवर लाखभर घालण्यापेक्षा त्याच पैशात जास्त एअरबॅगा असलेलं मॉडेल घ्यावं.

## डाव्या पायाचं काय करायचं

वीस वर्षं मॅन्युअल चालवलेल्याचा डावा पाय संकटात आपोआप खाली जातो. ऑटोमॅटिकमध्ये तिथे क्लच नसतो. रुंद ब्रेक पेडल असतं. क्लच समजून त्यावर जोरात पाय पडला की गाडी जागीच थांबते आणि मागचा येऊन धडकतो. पहिल्या आठवड्यात डावा पाय डावीकडच्या फूटरेस्टवर दाबून बसवावा आणि ब्रेक, ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने. टाच ब्रेकच्या समोर टेकलेली असावी आणि पंजा तेवढा उजवीकडे वळवावा. पार्किंगमध्ये भिंतीवर चढलेल्या बहुतेक ऑटोमॅटिक ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबल्यामुळे चढलेल्या असतात.

'पी' असलेल्या गाडीत उतारावर थेट 'पी' टाकून पाय काढू नये. 'पी'मध्ये एक छोटा खटका गिअरच्या दात्यात अडकतो, आणि गाडीचा सगळा भार त्यावर येतो. ब्रेक दाबून न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग ब्रेक थोडा सैल करून गाडी हँडब्रेकवर बसू द्यायची, आणि शेवटी पुन्हा ब्रेक दाबून 'पी'.

घरात कोणी नवीन शिकणार असेल तर? भारतात कारच्या लायसन्समध्ये गिअरची आणि ऑटोमॅटिक असा भेद नाही. ऑटोमॅटिकवर शिकलेल्यालाही कायद्याने दोन्ही चालवता येतात, चालवायला जमतात की नाही ही वेगळी गोष्ट. ब्रिटनमध्ये मात्र ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचंच मिळतं. तिकडे जाणाऱ्या मुलामुलींनी इथे मॅन्युअलवर हात बसवून जावं.

## पैशांचा हिशेब नीट मांडा

शोरूमचा सेल्समन 'फक्त साठ हजार जास्त' म्हणतो तेव्हा तो रोड टॅक्स धरत नाही. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के कर आहे, आणि तो पूर्ण किमतीवर लागतो. समजा मॅन्युअल ९ लाख ७० हजारांना आहे; कर १ लाख ६ हजार ७००. तिचीच ऑटोमॅटिक १० लाख ३० हजारांना. कर १ लाख २३ हजार ६००. साठ हजारांचा फरक इथेच ७६ हजार ९०० झाला, विमा आणि कर्जाचं व्याज वेगळं. किंमत दहा लाखांच्या काठावर असेल तर हे गणित करूनच मॉडेल ठरवा.

दुसऱ्या बाजूला काय मिळतं, ते किलोमीटरमध्ये मोजू नका, तासांमध्ये मोजा. नाशिकहून धुळ्याला आठवड्यातून दोनदा जाणाऱ्याचे किलोमीटर भरपूर, पण तो तासन्‌तास पाचव्या गिअरमध्ये असतो. त्याला क्लचचा त्रास असा नाहीच. ठाण्याहून अंधेरीला रोज जाणाऱ्याचे किलोमीटर कमी, पण दीड तास डावा पाय वर-खाली. पैसे घालायचे तर ते या दुसऱ्याने. गुडघा दुखत असेल, घरातल्या ज्येष्ठांनाही गाडी चालवायची असेल, तर हिशेब मांडायचीही गरज नाही.

## टेस्ट ड्राइव्ह आणि जुनी गाडी

शोरूमसमोरच्या सरळ रस्त्यावर एक फेरी मारून काहीच कळत नाही. घरची चार माणसं बसवा, एसी लावा. आपल्या सोसायटीचा रॅम्प असेल तर तो चढून मध्येच थांबा आणि परत निघा. मग तोच रॅम्प रिव्हर्समध्ये चढवून बघा. एएमटीची खरी परीक्षा तिथे होते, कारण इंचाइंचाने मागे चढताना क्लच सतत घासतो. ताशी ४० वर असताना पाय पूर्ण दाबून गाडी किती वेळाने उचलते ते पाहा. आणि पाच मिनिटं तरी रांगेत चालवा.

जुनी ऑटोमॅटिक घेताना इंजिन थंड असताना जा. ब्रेक दाबून 'डी' आणि 'आर' आलटून पालटून टाका. गिअर लागायला दोन सेकंद लागत असतील किंवा धाडकन लागत असेल तर पुढे जाऊ नका. टॉर्क कन्व्हर्टरचं तेल बघता आलं तर ते लालसर असावं. तपकिरी आणि जळक्या वासाचं असेल तर आत घासलेलं आहे. डीसीटी निघताना थरथरते का, सीव्हीटीतून वेगाबरोबर वाढणारी शिट्टी येते का, एएमटी चढावर फेरे वाढवूनही रेंगाळते का, एवढं पाहा. मग सर्व्हिसिंगच्या नोंदी मागा. साठ हजार किलोमीटर झालेल्या टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी गाडीत गिअरबॉक्सचं तेल एकदाही बदललेलं नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा करून बोली लावा.